पार्किंगमधलं माळरान

मी आयुष्यात पहिल्यांदा बिबट्या झाले. तेही पासष्टी उलटल्यावर, डोंबिवली पूर्वेला, आमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये. अंगावर पिवळं ब्लँकेट, त्यावर बूटपॉलिशचे ठिपके, आणि समोर आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ टॉर्च रोखून मला सांगताहेत, "वहिनी, बिबट्या असा कमरेवर हात ठेवून येत नाही. दूधवाला का आला नाही ते बघायला निघाल्यासारख्या दिसताय तुम्ही."

एवढं वाचून कुणाला वाटेल, माणूस वेडा होता. तसं नव्हतं हो. वेडा माणूस आपला आपण वेडेपणा करतो, दुसऱ्याला तोशीस नाही. ह्या भाऊजींनी आख्खी बिल्डिंग कामाला लावली होती.

नोकरी त्यांची एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपरची. रिटायर झाले तरी तिच्याबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. जीव सगळा नाटकात. नट म्हणून नाही, स्वतः स्टेजवर उभे राहिले की दरदरून घाम फुटायचा. ते नेपथ्यवाले. हौशी मंडळींची स्पर्धेची नाटकं असतात ना, त्यांना बंगला, चाळ, तुरुंग, जे लागेल ते उभं करून द्यायचे आणि पडदा पडला की अर्ध्या तासात मिटवून टेम्पोत घालायचे. त्यामुळे घरातही बिजागरी नसलेली वस्तू नाही. जेवणाचं टेबल भिंतीत मिटायचं, पलंग उभा राहायचा, देवघराला चाकं. एकदा मी हळदीकुंकवाला गेले होते, तर मी बसलेली खुर्ची ह्यांनी मिटायला घेतली, मी तिच्यात असताना. वर म्हणतात, "माफ करा वहिनी, मला वाटलं तुमचा प्रवेश संपला."

आणि तालमीशिवाय काही करायचे नाहीत. बँकेत जायचं तर आदल्या दिवशी बायकोला कॅशियर करून काउंटरवर बोलून बघायचे. कुणाकडे समाचाराला जायचं असलं की आधी आमच्या जिन्यात उभं राहून "फार वाईट झालं, फार वाईट झालं" असं वेगवेगळ्या सुरांत म्हणायचे. मी एकदा घाबरून दार उघडलं, म्हटलं, "अहो, कोण गेलं?" तर हात वर करून म्हणाले, "थांबा वहिनी, आत्ता कुठे सूर लागतोय."

त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं. "असं धरून चाला." तालमीत म्हणतात ना, इथे दार आहे असं धरून चाला, हा बाक म्हणजे होडी असं धरून चाला, तसं. घरात साखर संपली तरी हेच. "चहा गोड आहे असं धरून चाल, शालन."

शालन म्हणजे त्यांची बायको. जुन्नरकडची, शेतकऱ्याची मुलगी, बोलायला कमी पण बोलली की समोरच्याला दुसरं वाक्य सुचू नये अशी. आता तिचे दोन्ही गुडघे नवे आहेत आणि बाजारात माझ्यापुढे चालते. पण तेव्हा ती जिना उतरायची ते मला घरात बसून कळायचं, एकेका पायरीला "आई गं". शेवटी डॉक्टर म्हणाले, दिवाळीच्या आधी ऑपरेशन करून टाकू. आणि वर म्हणाले, "एक लक्षात ठेवा आजी, नंतर जमिनीवर बसणं, मांडी घालणं, खाली अंथरूण घालून झोपणं, सगळं बंद."

रिक्षातून आम्ही तिघं परत येत होतो. शालन सगळा वेळ बाहेर बघत होती. मानपाड्याच्या सिग्नलला म्हणाली, "मग त्याआधी एकदा मला जमिनीवर झोपायचंय."

"झोप की घरी," भाऊजी म्हणाले.

"तिसऱ्या मजल्यावर कुठली आलीय जमीन? खरी जमीन. लहानपणी खळ्यावर झोपायचो आम्ही, धान्याच्या राखणीला. खाली भुई, वर काही नाही. तसं. एकदाच."

रिक्षा बिल्डिंगपाशी थांबली, शालनला हळूहळू उतरवलं, आणि मग भाऊजी म्हणाले, "गाडी लागेल."

"मुरबाडला एसटी जाते की," मी म्हटलं.

"एसटी रस्त्यावरून जाते, वहिनी. जमीन रस्त्याच्या पलीकडे असते."

झालं. दुसऱ्या दिवसापासून गाड्या बघणं सुरू. शिळफाट्याच्या रस्त्याला जुन्या गाड्यांची दुकानं आहेत रांगेने, तिथे आम्ही जायचो. आम्ही म्हणजे ते आणि मी, कारण शालनला चढउतार जमत नव्हती, आणि आमचे हे गेल्यापासून मी काय, रिकामीच. त्यांना पाहिजे होती ती एसयूव्ही म्हणतात ती उंच गाडी, चारही चाकांना जोर मिळणारी, म्हणजे चिखलात, चढावर अडायची नाही. दुकानदार सांगायचा मायलेज, सांगायचा सिंगल ओनर, सांगायचा डॉक्टरची गाडी आहे. हे लक्षच द्यायचे नाहीत. मला म्हणायचे, "वहिनी, तुम्ही शेवटच्या रांगेत जा."

शेवटची रांग म्हणजे रस्त्याच्या पलीकडे. मी डंपर चुकवत पलीकडे जायची, तिकडे चहावाल्याच्या बाकावर उभी राहायची, आणि हे गाडीचं दार लावायचे. मग ओरडून विचारायचे, "काय वाटलं?"

"दार लागल्यासारखं वाटलं!"

"कोण आलंसं वाटलं?"

"कुणीच नाही हो!"

"मग नको!" आणि दुकानदाराला समजावायचे, "दार लागलं की घरचा कर्ता माणूस आत आला असं वाटलं पाहिजे. हे तर पत्र्याचं कपाट आहे."

दुकानदार माझ्याकडे बघायचा. मी चहा सांगायची.

पण एक सांगते, माणूस फसायचा नाही. चकाचक गाडी पुढे आणली की नाक लावून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "मेकअप आहे. म्हातारीला सोळा वर्षांची करायची तर आम्ही एवढाच थर देतो." मग मॅट उचलायचे, तर खाली गंजून भोक, त्यातून शिळफाट्याचा रस्ता दिसतोय. गाडीखाली आडवे व्हायचे ते नुसते पाय बाहेर. एकदा तर गिऱ्हाईक येऊन मलाच विचारून गेलं, "मावशी, ह्यांना कुठल्या गाडीने उडवलं?"

शेवटी गाडी मिळाली दिवा गावात. कुणीतरी सांगितलं, एका बाईंचा नवरा आखातात गेलाय, गाडी नुसती उभी आहे. गेलो. गल्ली एवढी अरुंद की गाडी आत कशी गेली तेच कळेना. निळसर रंगाची, चौकोनी, जाडजूड, आणि आत मागच्या सीटा काढून पाण्याने भरलेले ड्रम. दिव्यात पाण्याची बोंब, घरात जागा नाही, म्हणून त्या बाईंनी गाडीचीच टाकी केलेली. डिकी उघडली की गल्लीतल्या बायका मग्गा घेऊन पुढे.

ह्यांनी खिशातून सुतळी काढली, चारही चाकांपाशी गाडीची उंची मोजली. पुन्हा मोजली. मग माझ्याकडे आले, डोळे भरून आलेले. "वहिनी, एवढं पाणी पोटात घेऊन उभी आहे बिचारी, आणि एका बाजूला दोराभर कललेली नाही. ही आपली."

"दार तरी वाजवून बघा," मी म्हटलं.

"वाजवलं. सासरा आला."

पण त्या बाई हुशार. म्हणाल्या, "ऐका दादा, गारी इकायची हाय, पानी नाय इकायचा. पानी सोपलं का गारी न्या."

मग काय करता? ड्रम उचलून ठेवायला जागाच नव्हती कुठे. आम्ही दोघांनी तिथे उभं राहून गल्लीत पाणी वाटलं. नळाला पाणी नसताना कुणी बोलावून पाणी देतंय म्हटल्यावर पलीकडच्या चाळीतून रांग लागली. एक बाई मला विचारते, "कुठल्या पक्षाकडून?" दिवस मावळायच्या आत गाडी रिकामी झाली, बॅटरीला दुसऱ्या गाडीचा जोड दिला, आणि ती खोकत खोकत चालू झाली. कल्याणच्या गॅरेजवाल्याने ब्रेक, क्लच, पट्टे सगळं बघून दिलं, मागची एक सीट परत बसवली, नवे खडबडीत टायर चढवले. म्हणाला, "काका, चीज आहे. कुठे नेणार?"

"माळरानावर."

"कधी?"

"बसलं की."

त्याला वाटलं, स्प्रिंग बसली की. ह्यांचं म्हणणं, प्रयोग बसला की.

आता गाडी सजवायची. ग्रिलवाल्याकडून टपावर कॅरिअर करून घेतला. मागे प्लायवूडचे खण, बिजागऱ्यांवर. डिकीचं दार उघडून एक कडी ओढली की स्वयंपाकाचा ओटा बाहेर यायचा, मिसळणाच्या डब्यासकट. दुसरी कडी ओढली की शालनला बसायला उंच पाट. कॅरिअरवर तंबू गुंडाळलेला, तो दोरी सोडली की खाली उलगडायचा, कारण दोऱ्या आणि कप्प्या सगळ्या जुन्या पडद्याच्या. आणि मागच्या दाराला आतून लाल मखमलीचा पडदा. मी विचारलं, "हा कशाला?" तर म्हणाले, "एकदम उघडं कसं दाखवायचं?"

इथपर्यंत ठीक होतं. एका शनिवारी निघायचंही ठरलं, शालनने मेथीचे ठेपले केले. आणि शुक्रवारी हे म्हणाले, "एक तालीम करून घेऊ."

आमचं पार्किंग बिल्डिंगच्या पोटात. वर छताला ड्रेनेजचे पाइप. तिथे खडूने खुणा झाल्या. इथे चूल, इथे शालन, इथून बिबट्या. बिबट्या कशाला, असं मी विचारलं, तर "रान म्हटलं की एक संकट पाहिजेच, त्याशिवाय दुसरा अंक रेंगाळतो." वॉचमनला वनरक्षक केलं. त्याला कपडे बदलावे लागले नाहीत, आहे तोच गणवेश चालला. कंपाउंडच्या भिंतीवर ह्यांनी जुना एक पडदा आणून लावला, डोंगर रंगवलेला. आणि शालनला पाटावर बसवून वाक्य दिलं. वर बघायचं आणि म्हणायचं, "अहो, किती हो हे चांदणं!"

वर बघितलं की पाइप. चौथ्या मजल्यावर कुणी फ्लश केलं की चांदणं खळाळायचं.

त्या तालमीत काहीतरी चुकलं म्हणून दुसरी झाली. मग तिसरी. मग रुतण्याची तालीम. त्यासाठी सोसायटीच्या गुलाबाच्या वाफ्यात नळी सोडून चिखल केला आणि गाडी त्यात घातली. बिल्डिंगमधले दहा-बारा जण धावले, ढकलून बाहेर काढली. तर हे भडकले! "एवढ्या लवकर? अजून हताशपणा आला नव्हता! परत घाला!" आणि लोकांनी परत घातली हो. डोंबिवलीत कुणाला नाटकात काम मिळालं की तो कशालाही तयार असतो.

हळूहळू बघायला गर्दी जमायला लागली. बी विंगवाले खुर्च्या घेऊन येत. बिबट्या आला की मुलं किंचाळत, मलाही मग जोर यायचा. खोटं कशाला बोलू, मी गुरगुरायची प्रॅक्टिस करायला लागले होते. भाजीवाला भय्या मला "शेरनी" म्हणायचा, त्याला मी बिबट्या आणि वाघीण ह्यातला फरक समजावला.

आणि गणपतीत कल्याणच्या एका सोसायटीने बोलावणंच पाठवलं, तुमचा तो मुक्कामाचा कार्यक्रम आमच्याकडे करा. तिथे झाला. लोकांना आवडला. मग नवरात्रात टेंभी नाक्याजवळच्या एका सोसायटीत. मग आणखी दोन-तीन. अशी ती गाडी, जिला चारही चाकांचा जोर, जिचे टायर दगडात चालणारे, ती ठाण्या-कल्याणच्या पार्किंगांमधून फिरत राहिली. डांबर सोडून तिचं चाक तोवर एकदाच खाली उतरलं, ते गुलाबाच्या वाफ्यात.

प्रत्येक वेळी शालन विचारायची, "निघायचं कधी?"

"एवढा प्रयोग होऊ दे. चुलीचा प्रवेश अजून सैल आहे."

"अहो, ऑपरेशन जवळ आलं."

"त्याआधी जाऊ असं धरून चाल."

शालन माझ्याकडे बघायची. एकदा माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली, "वहिनी, लग्न झाल्यापासून मी धरूनच चालतेय. लोणावळ्याला गेलो असं धरून चाललो, शिमल्याचं तिकीट काढलं असं धरून चाललो. आता एवढं एक तरी."

मी म्हटलं, "मी बोलू का?"

"नको. तुम्ही बोलाल तर ते तुम्हाला पण वाक्य देतील."

दसरा झाला. ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर आलं. आणि रविवारी सकाळी ठाण्याच्या कोपरीला प्रयोग. स्टेशनपासून जवळच, जुन्या इमारतीचं पार्किंग, पण गर्दी भरपूर, पहिल्या रांगेत आज्या-आजोबा. सगळं नीट चाललं होतं. चूल झाली. बिबट्या येऊन गेला, टाळ्या मिळाल्या. मी खांबामागे ब्लँकेटमध्ये घामाघूम. आता शालनचं वाक्य.

शालनने वर बघितलं. आणि बघतच राहिली.

हे गाडीआडून पुटपुटले, "अहो, किती हो हे..."

शालनची मान वरच.

"अहो, किती हो हे चांदणं..."

शालन मोठ्याने म्हणाली, "कुठेय?"

लोक हसले. त्यांना वाटलं, असंच आहे.

"शालन, ट्यूबलाइट म्हणजे चांदणं असं धरून..."

"नाही धरणार." ती काठी टेकत उठली. "गुरुवारी माझे पाय कापणारेत. त्याच्याआधी मला जमिनीवर झोपायचंय. मी गाडीत बसतेय. तुम्ही आलात तर तुमच्यासकट, नाही तर वॉचमनला गाडी चालवता येते."

आणि एकेक पाय उचलत जाऊन पुढच्या सीटवर बसली. दार लावून घेतलं. कोपरीवाल्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

हे खिडकीपाशी गेले. "अगं, अजून शेवट बाकी आहे. तुझी एक्झिट नाही अजून."

"बसा."

"हे बसवलेलं नाही, शालन."

"म्हणूनच बसा."

तेवढ्यात तिथले अध्यक्ष आले सत्काराचं तबक घेऊन. कुणाचा सत्कार कुठे करावा त्यांना कळेना, म्हणून त्यांनी खिडकीतून शाल आणि नारळ शालनच्या मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "शेवट फार सुंदर आहे." वॉचमनने सवयीने तंबू आणि ओटा मिटवून दिला आणि तो लोकलने परतला, मी मागून चढले. ब्लँकेट काढायचंही सुचलं नाही.

माणूस एवढी वर्षं मी ओळखत होते, पण असा कधी बघितला नव्हता. स्टिअरिंगवर दोन्ही हात, चेहरा पांढरा. भिवंडीच्या बाजूने खाडीचा पूल ओलांडून कल्याणात शिरलो, तिथून शहाडचा पूल, आणि प्रत्येक वळणाला ह्यांचं एकच, "आता काय? इथे काय होतं?"

"वळा," शालन म्हणायची.

"आणि समोरून ट्रक आला तर?"

"तर त्याला जाऊ द्या."

एका नाक्यावर हवालदाराने थांबवलं. आत वाकून बघितलं, माझ्याकडे बोट केलं. "हे काय?"

मी म्हटलं, "बिबट्या."

त्याने जरा विचार केला. "मागे बसलाय ना? सीटबेल्ट लावा."

मुरबाडच्या पुढे गेल्यावर शालन म्हणाली, उजवीकडे घ्या. तिथे रस्ता नव्हता, बैलगाडीची वाट होती, आणि वर चढण, दगडधोंड्यांची. हे थांबले. गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा होता, चारही चाकांना जोर देणारा. पार्किंगमध्ये त्याला हात लावायची वेळच आली नव्हती. त्यांनी तो ओढला. गाडी एकदा हुंकारली आणि चढायला लागली हो! मिसळणाचा डबा मागे धडाधड वाजतोय, मखमलीचा पडदा माझ्या तोंडावर, आणि हे लहान मुलासारखे ओरडताहेत, "चढली! वहिनी, चढली!"

"मी आतच आहे, भाऊजी! मला कळतंय!"

वर मोकळं माळरान. वाळत आलेलं गवत, लांब एक पाडा, आणि ऊन उतरायला लागलेलं. एक म्हातारी गाई वळवत होती. तिला विचारलं, इथे झोपलं तर चालेल का. ती म्हणाली, "घर नाही का तुम्हाला?"

शालन म्हणाली, "आहे. तिसऱ्या मजल्यावर."

"मग झोपा," म्हातारी म्हणाली, जणू तिला सगळं कळलं.

आणि आता सामान काढायला घेतलं तर काय. प्रयोग करता करता ह्यांनी खऱ्या वस्तू एकेक करून काढून टाकल्या होत्या, ने-आण करायला जड म्हणून. शेगडीच्या जागी लाल जिलेटीनच्या कागदाखाली बल्ब. पाण्याचे कॅन रिकामे, कारण भरलेला कॅन उचलताना चेहरा वाकडा दिसतो. भाकऱ्या लाकडी, वर पीठ चोळलेल्या. गादी थर्माकोलची. मी एक कांदा उचलला तर तो ओट्याला स्क्रूने बसवलेला.

"तंबू तरी खरा आहे ना?" मी विचारलं.

"तंबू खरा आहे," हे जरा दुखावून म्हणाले आणि दोरी सोडली. तंबू सरसर खाली आला, मेखा ठोकल्या. मागची बाजू आहे, डावी आहे, उजवी आहे. पुढची नाही. शिवलीच नव्हती. तिथे प्रेक्षक बसणार ना.

हे त्या उघड्या बाजूकडे बघत उभे. हातात हातोडी. मला वाटलं, आता हा माणूस रडणार. आणि शालन हसायला लागली. काठीवर रेलून, पोट धरून, गाई वळून बघायला लागल्या इतकी हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "बरं झालं. तिकडूनच तर बघायचंय मला."

तिला खाली बसवायला आम्हाला दोघांना लागावं लागलं. आधी गाडीच्या पायरीवर, मग पाटावर, मग हळूच भुईवर. टेकली तशी तिने दोन्ही तळवे मातीवर दाबले आणि तसेच ठेवले. अंथरायला काय, तर कोपरीची शाल. जेवायला काय, तर कोपरीचा नारळ. जन्मात इतके शाल-नारळ बघितले मी, पण कामाला आलेले पहिल्यांदाच. म्हातारीने हंडाभर पाणी दिलं आणि काडेपेटी.

अंधार पडला. वर काय होतं ते मी सांगत नाही, ज्याने बघितलंय त्याला माहितेय आणि बाकीच्यांनी जाऊन बघावं. शालन आडवी झाली. हे मात्र उभेच. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच."

ते तिच्या शेजारी बसले. मग त्यांचा आवाज आला, पुटपुटल्यासारखा. "शालन, मला वाटलं, तालीम चालू आहे तोवर तुला ऑपरेशनला आत नेणार नाहीत."

शालन म्हणाली, "माहितेय मला. झोपा आता."

आणि ते झोपले. थर्माकोलच्या गादीवर नाही, मातीवर. मी गाडीत, ब्लँकेट गुंडाळून. डास गुणगुणत होते, पण उठून बघावंसं वाटलं नाही.

सकाळी तिला उठवताना आमची तारांबळ उडाली. ह्यांनी पडद्याची कप्पी लावून ओढायचं सुचवलं. शालन म्हणाली, "मी काय रुतलेय?" मग कुशीवर वळली, एक हात टेकला, दुसऱ्या हाताने माझा खांदा धरला, आणि "आई गं" म्हणत उभी राहिली. घरी परतताना सगळा वेळ पाय खाजवत होती.

बुधवारी इस्पितळात भरती व्हायचं होतं. मी सोबत. ह्यांनी कॉरिडॉरमध्ये कुठलीही तालीम केली नाही, नुसते खुर्चीच्या कडेला बसून राहिले, हात मांडीखाली दाबून. डॉक्टरांनी शालनचं पातळ गुडघ्यांच्या वर सरकवलं आणि चष्मा वर केला. दोन्ही गुडघ्यांवर, पोटऱ्यांवर लाल लाल गांधी, खाजवून काही फुटलेल्या.

"हे काय, आजी?"

"मुंग्या असतील. डास पण होते."

"घरात?"

"घरात नाही. रानात. जमिनीवर झोपले होते."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे. तिथे पाइप नव्हते.

"आजी, अशा कातडीवर मी चाकू लावणार नाही," ते शेवटी म्हणाले. "आत इन्फेक्शन गेलं तर सगळंच अवघड होईल. हे पूर्ण बरं होऊ दे. दहा-बारा दिवसांनी या, मग बघू."

शालनने उघड्या दारातून ह्यांच्याकडे बघितलं. खुर्ची रिकामी. मी खिडकीतून वाकून बघितलं तर हे खाली गाडीच्या टपावर चढलेले, तंबूची दोरी आवळताहेत.

शालनने उठायला माझा हात धरला आणि डॉक्टरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "वहिनी, मच्छरदाणी घ्यायची नाही हं."